रासायनिक कारखान्याशेजारील गावाची आपत्कालीन योजना

नदीकाठच्या गावात पूर कोठवर चढतो हे सांगण्यास बाहेरचा अधिकारी यावा लागत नाही. देवळाच्या कोणत्या पायरीस पाणी लागले म्हणजे खालच्या आळीने घर सोडावयाचे, हे तेथील पोरासही ठाऊक असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे ज्ञान आहे. रासायनिक कारखाना मात्र गावाच्या शिवेवर येऊन काही दशकेच लोटलेली असतात. त्याच्या टाकीत काय साठविले आहे, ते फुटून बाहेर आले तर कोणत्या दिशेने जाईल आणि आपण कोणत्या दिशेने जावयाचे, याची माहिती गावास अनुभवाने मिळण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. ती आधीच मिळवून ठेवावी लागते.

तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम, पाताळगंगा, कुरकुंभ या औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक कारखाने आहेत आणि त्यांच्या कुंपणापासून जवळच भातखाचरे, उसाचे मळे, गोठे व वस्त्या आहेत. अलिबागजवळ थळ येथे खताचा मोठा कारखाना आहे. तथापि हा धोका केवळ अशा क्षेत्रांपुरताच आहे असे समजू नये. दुधाच्या मोठ्या प्रकल्पांत व अनेक शीतगृहांत थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वायू वापरतात. पाणीपुरवठ्याच्या केंद्रांवर क्लोरीनची नळकांडी असतात. म्हणजे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या सहकारी संस्थाही कित्येकदा अशा पदार्थांच्या मालक असतात, ही गोष्ट चर्चेत सहसा येत नाही.

दोन रात्रींचा धडा

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ वायुरूपाने बाहेर पडला. हा कारखाना शेतीसाठीच चालत होता. कार्बारिल हे कीटकनाशक तेथे तयार होत असे. (या कीटकनाशकावर भारतात २०१८ मध्ये बंदी आली.) टाकीत पाणी शिरून उष्णता वाढली व दाब चढला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी तुटलेली होती. सरकारी आकड्यांप्रमाणे तत्काळ मृत्यू पावलेल्यांची संख्या २,२५९ होती. पुढे मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यू वायूमुळे झाल्याचे मान्य केले. प्रत्यक्षात ही संख्या याहून पुष्कळ अधिक होती, असे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत.

यंत्रांचा दोष अभियंत्यांनी तपासला. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावयाची बाब निराळी आहे. बाहेरच्या वस्तीस सावध करणारा भोंगा वेळेवर व सतत वाजला नाही. कारखान्यासमोरील झोपड्यांतील लोक खोकत, डोळे चोळत उठले आणि वाट फुटेल तिकडे धावले. त्यांतील पुष्कळजण वाऱ्याच्याच दिशेने, म्हणजे वायूच्या सोबतीने धावले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत राहिला व लहान मुलांस अधिक बाधला. हा पदार्थ पाण्याशी संयोग पावतो, त्यामुळे तोंडावर ओले फडके धरले असते तर काही बचाव झाला असता. परंतु ही गोष्ट कोणी कोणास सांगितलेलीच नव्हती. रुग्णालयात पोहोचलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही वायू कोणता हे ठाऊक नव्हते.

सुमारे पस्तीस वर्षांनी, ७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास, विशाखापट्टणमजवळील आर. आर. वेंकटापुरम या गावाशेजारच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर आली. टाळेबंदीमुळे काम थांबलेले होते. टाकीतील स्टायरीन आपल्याआप तापत गेले. किमान १२ माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो रुग्णालयात गेली, आणि गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यालाच मेली. राज्य शासनाच्या चौकशी समितीस असे आढळले की, याही वेळी भोंगे बसविलेले असून वाजविले गेले नाहीत. म्हणजे भोंगा वाजेलच असे गृहीत धरून गावाने योजना आखू नये. भोंगा वाजला तर उत्तम. न वाजल्यास वास, डोळ्यांची जळजळ, खोकला, पक्षी व कोंबड्या तडफडणे, झाडांवर अकस्मात धुके उतरणे ही लक्षणे ओळखून गावाने स्वतःच इशारा द्यावयाचा आहे.

माहिती मागण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे

भोपाळनंतर कायदे बदलले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन आसपासच्या जनतेस धोक्याची माहिती देण्याचे बंधन मालकावर आले. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांसंबंधीचे नियम झाले. ठरीव प्रमाणाहून अधिक घातक रसायन साठविणाऱ्या कारखान्याने आवाराच्या आतील आपत्कालीन योजना तयार करावी व तिची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी, असे या नियमांत आहे. आवाराबाहेरील योजना जिल्ह्याच्या प्राधिकाऱ्याने करावयाची असून तिची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी लागते. अपघात झाल्यास ज्यांना बाधा पोहोचू शकते त्यांस धोक्याचे स्वरूप, सुरक्षिततेचे उपाय व अपघातप्रसंगी काय करावे व काय टाळावे, हे कळविणेही बंधनकारक आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात.

एवढे नियम असूनही आवाराबाहेरील योजना जिल्हा कचेरीतील कपाटात राहते आणि गावात तिची प्रत कोणी पाहिलेली नसते, असे पुष्कळ ठिकाणी दिसून येईल. यास्तव ग्रामकार्यकर्त्याने पहिले पाऊल म्हणून ग्रामसभेत ठराव करवून घ्यावा आणि कारखान्याचे व्यवस्थापन, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे जिल्ह्यातील कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे लेखी विचारणा करावी. कोणते घातक पदार्थ साठविले जातात व एका वेळी अधिकात अधिक किती? बाधा कोठवर पोहोचू शकते? त्या कक्षेत गावाचा कोणता भाग येतो? भोंग्याचा धोक्याचा नाद कसा व ‘धोका टळला’ याचा नाद कसा? रात्री दोन वाजता दूरध्वनी कोण उचलील? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवसा सर्वच कार्यालये उघडी असतात.

वारा

शेतकऱ्यास वाऱ्याची दिशा शिकवावी लागत नाही. खळ्यावर उफणणी करताना टोपलीतील दाणे पायाशी पडतात व भुसा वाऱ्याबरोबर जातो, आणि भुसा अंगावर घ्यावयाचा नसेल तर माणूस बाजूस सरकतो. विषारी वायूच्या बाबतीत हाच न्याय आहे. वायू भुशाच्या वाटेने जातो. म्हणून वायूच्या पुढे पुढे धावत सुटू नये, तर वाऱ्यास आडवे चालत त्याच्या पट्ट्याबाहेर पडावे. सुरुवातीस हा पट्टा बहुधा अरुंद असतो. दोन-तीन शेते आडवी ओलांडल्याने जो बचाव होतो, तो वाऱ्याच्या दिशेने मैलभर धावूनही होत नाही.

कोकणपट्टीत याची विशेष काळजी घ्यावी लागते. दिवसा समुद्रावरून खारे वारे जमिनीकडे वाहतात व रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. म्हणजे कारखान्याच्या पूर्वेचे जे गाव दुपारी धोक्यात असते, ते मध्यरात्री सुरक्षित असू शकते, आणि पश्चिमेकडील कोळीवाड्याची स्थिती याच्या उलट. एकच जमण्याची जागा ठरविणारी योजना अशा ठिकाणी अर्धीच ठरते. दोन विरुद्ध दिशांना दोन जागा ठरवाव्यात व कोणती निवडावयाची हे त्या वेळचा वारा पाहून सांगावे. शाळेच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर कापडी वातदर्शक लावून रात्री तो दिसेल असा दिवा ठेवल्यास खर्च थोडा व उपयोग मोठा होतो.

रात्रीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हिवाळ्याच्या पहाटे चुलींचा धूर वर न जाता घरांच्या वळचणीला रेंगाळतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असली म्हणजे खालची हवा वर चढत नाही. अशा वेळी बाहेर पडलेला वायूही तसाच दबून राहतो आणि दिवसाच्या मानाने अधिक दाट व अधिक वेळ टिकतो. भोपाळ व विशाखापट्टणम येथील गळती रात्रीच झाली, हे विसरता येत नाही.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड व हिरवट पिवळा असतो. तो ओढे, विहिरी, खळगे व तळघरे यांत साचतो. त्यापासून बचाव करताना उंचवट्यावर जावे. अमोनिया मूलतः हवेपेक्षा हलका आहे. परंतु द्रवरूप साठ्यातून बाहेर पडताना तो अतिशय थंड असतो, हवेतील बाष्पामुळे त्याचे पांढरे धुके बनते आणि ते आरंभी जमिनीवरूनच सरकत येते. ‘अमोनिया वर निघून जातो’ या भरवशावर कोणी राहू नये.

गावाचा कागद

गावाची योजना म्हणजे जाड बाड नव्हे. एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढावा. कारखाना, ओढा, विहिरी, रस्ते, उंचवटे, शाळा, आरोग्य उपकेंद्र, गोठे दाखवावेत. पक्क्या छताच्या इमारती वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. याचे कारण असे की, ‘दारे-खिडक्या बंद करून घरात थांबा’ ही सूचना पत्रकांतून सर्रास दिली जाते, परंतु कौलारू घरात भिंत व छप्पर यांमध्ये वीतभर फट असते. तेथे खिडकी लावून वायू थांबत नाही. यास्तव ज्यांची घरे कौलारू वा पत्र्याची आहेत त्यांनी शेजारच्या कोणत्या पक्क्या खोलीत जावयाचे, हे नावानिशी आधी ठरवावे. त्या खोलीत फडकी, पाण्याच्या बादल्या व फटी बुजविण्यास चिकटपट्टी ठेवावी. जड वायू असेल तर वरचा मजला अधिक चांगला.

प्रत्येक आळीस दोन माणसे नेमावीत, एक पुरुष व एक स्त्री. दिवसा पुरुष शेतावर किंवा कामावर गेलेले असतात, म्हणून दोन्ही हवीत. अंथरुणास खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, दम्याचे रोगी, ऐकू न येणारे यांची यादी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने करावी. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, वीटभट्टीवरील कुटुंबे, मेंढपाळांचे वाडे ही मंडळी मतदार यादीत नसल्याने कोणत्याच यादीत नसतात. भोपाळमध्ये सर्वांत आधी बळी पडल्या त्या कारखान्यासमोरच्या झोपडवस्त्याच होत. अशा पालांवर इशारा कोण पोहोचविणार, हे लिहून ठेवावे.

इशाऱ्याची साधने गावात आहेतच. देवळाची घंटा, मशिदीचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, दवंडी. मात्र नेहमीच्या घंटानादाहून निराळा नाद ठरवून तो वर्षातून दोनदा ऐकवावा. पोलीस पाटील व सरपंच यांच्याबरोबर ११२ (पोलीस व अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका) व १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष) हे क्रमांक भिंतीवर रंगवावेत.

जनावरांसाठी वेगळा विचार हवा. गोठ्यातील दावे ओढताच सुटेल अशा गाठीने बांधण्याची सवय करावी. इशारा वेळीच मिळाला तर जनावरे मोकळी सोडून वाऱ्याच्या आडव्या बाजूस हाकलावीत. परंतु गोठा वायूत सापडला असेल तर कोणीही आत जाऊ नये. म्हशीसाठी माणूस गमावू नये, ही गोष्ट म्हशीवर कुटुंब चालणाऱ्या घरास ऐकावयास कठीण आहे. म्हणूनच ती आधी, शांतपणे व घरातील सर्वांसमक्ष बोलून ठेवली पाहिजे.

वायू आल्यावर

नाकातोंडावर ओले फडके धरावे. अमोनिया व क्लोरीन यांसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या वायूंचा त्रास त्याने काहीसा कमी होतो. पण हे साधन केवळ बाहेर पडण्यापुरते आहे. ओले फडके बांधून कोणी इतरांस आणण्यासाठी आत शिरू नये. चूल, विडी, विजेची बटणे, पंप, वाहनाचे इंजिन यांपासून ठिणगी पडू देऊ नये, कारण स्टायरीन व स्वयंपाकाचा वायू सहज पेटतात व अमोनियाही दाट झाल्यास पेटू शकतो.

डोळ्यांत वायू किंवा द्रव गेल्यास स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत, चोळू नयेत. अंगावर आम्ल वा दाहक द्रव पडल्यास कपडे काढून भरपूर पाणी ओतावे. द्रवरूप अमोनियाने कपडा कातडीस गोठून चिकटला असेल तर तो ओढू नये, आधी पाण्याने सुटू द्यावा. तूप, हळद, चुना, लिंबू यांपैकी काहीही लावू नये. पोटात गेले असल्यास ओकारी काढू नये. रोग्यास मोकळ्या हवेत बसवून रुग्णालयात न्यावे आणि पदार्थाचे नाव डॉक्टरांस सांगावे.

टँकर उलटल्यास

कारखाना दूर असला तरी त्याचा माल गावातून जातो. घाटात उलटलेल्या टँकरभोवती पाच मिनिटांत जमाव गोळा होतो आणि काहीजण डबे घेऊन पोहोचतात. सांडलेला द्रव फुकटचे इंधन आहे या समजुतीने झालेले अनर्थ सर्वश्रुत आहेत. ग्रामकार्यकर्त्याचे तेथील पहिले काम बचावाचे नसून लोकांस दूर ठेवण्याचे आहे.

घातक माल नेणाऱ्या वाहनावर पदार्थाचे नाव, चार अंकी क्रमांक, धोक्याचे चिन्ह व दूरध्वनी असलेली पाटी लावणे नियमाने आवश्यक आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर उभे राहून तो क्रमांक वाचावा व नियंत्रण कक्षास कळवावा. क्लोरीनचा क्रमांक १०१७, द्रवरूप अमोनियाचा १००५, गंधकाम्लाचा १८३० व मिठाच्या आम्लाचा १७८९ आहे. क्रमांक कळल्याने अग्निशमन दल योग्य साहित्य घेऊन निघते. आपल्या मनाने पाणी मारू नये. क्लोरीनच्या गळक्या नळकांड्यावर पाणी पडल्यास धातू झिजून भोक मोठे होते, आणि अमोनियाच्या साचलेल्या द्रवावर पाणी पडल्यास तो उकळून अधिक वायू सुटतो.

द्रव ओढ्याकडे वाहत असेल तर खालच्या गावांस तत्काळ कळवावे, नदीवरील पाणीउपसा पंप थांबवावेत, जनावरे पाण्यावर नेऊ नयेत. शेतात बांध घालण्याची कला येथे उपयोगी पडते. परंतु बांध घालावयाचा तो सांडल्याच्या जागी नव्हे, तर वास व वाफ पोहोचत नाही अशा खालच्या अंतरावर, आणि तोही अधिकाऱ्यांच्या सूचनेनेच. मेलेले मासे गोळा करून कोणी खाऊ वा विकू नयेत.

गळती थांबल्यानंतर

वायू ओसरला म्हणजे संकट संपले असे नाही. इटलीतील सेव्हेसो गावाजवळच्या कारखान्यातून १० जुलै १९७६ रोजी डायॉक्सिन हे विष बाहेर पडले. त्या दिवशी कोणी माणूस मेला नाही. नंतरच्या दिवसांत कोंबड्या व ससे मरू लागले, आणि सर्वाधिक बाधित भागातून लोकांना हलविण्यास दोन आठवडे लागले. विष माणसांच्या अन्नात जाऊ नये म्हणून पुढे सुमारे ८०,००० जनावरे मारावी लागली.

यास्तव अधिकृत सूचना मिळेपर्यंत घरी परतू नये, उघड्यावरील अन्न, बाधित चारा व उघड्या विहिरीचे पाणी वापरू नये, दूध डेअरीस घालू नये. पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तपासून घ्यावेत. अमोनियाने किंवा क्लोरीनने पाने करपून पांढरी वा तपकिरी पडतात, पण मुळे जिवंत असल्यास कित्येक पिके पुन्हा फुटतात. म्हणून घाईने नांगर घालू नये. शिवाय नांगर घातलेल्या शेताचा पंचनामा होत नाही.

मेलेले जनावर पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करवून घ्यावे, कानातील बिल्ल्याचा क्रमांक नोंदवावा, छायाचित्र काढावे. पिकाचे क्षेत्र, गट क्रमांक व नुकसान यांची नोंद कृषी व महसूल कर्मचाऱ्यांच्या सहीने पंचनाम्यात यावी. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाखाली घातक पदार्थाच्या अपघातात इजा, मृत्यू वा मालमत्तेचे नुकसान झालेल्यांस कारखान्याचा दोष सिद्ध न करताही तातडीची मदत मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असून अपघातापासून पाच वर्षांनंतर तो घेतला जात नाही. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शवविच्छेदनाचा दाखला व पंचनाम्याची प्रत एका पाकिटात घालून प्रत्येक कुटुंबाकडे द्यावी आणि दुसरी प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.